ग्रंथपालांचा सायलेन्सर

ग्रंथपाल स्वतःच्या घराच्या बंद दारासमोर उभे होते. तसं यात काही विशेष नाही. जगात रोज हजारो नवरे बंद दारासमोर उभे राहतात, बेल वाजवतात आणि आत जातात. पण ग्रंथपालांवर ही वेळ बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच आली होती, त्यामुळे बेल नेमकी कुठे आहे हे त्यांना शोधावं लागलं.

त्याचं असं होतं, की रोज संध्याकाळी सहाला त्यांची गाडी कोपऱ्यावर वळायची. वळताना ते दुसरा गिअर टाकत, गाडी थोडीशी कण्हत असे, आणि तेवढ्या कण्हण्यावर आत त्यांची बायको हातातलं काम बाजूला ठेवून उठत असे. गाडी फाटकाशी थांबायच्या आत दार उघडलेलं. ग्रंथपालांनी कधी खिशात किल्ली बाळगली नाही. दोघंही बोलायच्या बाबतीत तशी कंजूष. त्यांच्यात प्रेम म्हणून जे काही होतं, ते रोज सहा वाजता दारात उभं असायचं.

त्यांनी बेल दाबली. आत ती किणकिणली, हे बाहेर स्पष्ट ऐकू आलं. कोणी आलं नाही. त्यांनी पुन्हा दाबली. मग ते घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेले. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि आत बायको पाठमोरी बसून उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती.

"अगं," ग्रंथपाल म्हणाले.

टाका पूर्ण झाला. दुसरा सुरू झाला.

"अगं, मी आलोय."

तिनं दातानं दोरा तोडला. ग्रंथपाल एक पाऊल पुढे सरकले आणि पायरीशी टेकवून ठेवलेल्या फळीला अडखळून धप्पकन आडवे झाले.

"अगंबाई!" बायको वळली. "आज मागनं?"

"पुढं कुत्रं बसलं होतं," ग्रंथपाल जमिनीवरूनच म्हणाले.

"आं?"

"कुत्रं! पुढं!"

"कुत्र्याला घाबरून मागनं आलात?"

"मोठं होतं."

"या वयात!" बायको हसली, आणि तेवढ्यात तिची नजर घड्याळाकडे गेली. सहा वाजून बारा मिनिटं झाली होती. तिचं हसू जागच्या जागी थांबलं. अभ्र्याची तिनं घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली. "गाडी कधी आली?"

ग्रंथपालांनी कपडे झटकायला हवे होते त्यापेक्षा जास्त वेळ झटकले.

"गाडी कोपऱ्यावर बंद पडली," ते म्हणाले. "ढकलत आणली."

"तरीच!" बायको म्हणाली. तिचा चेहरा असा काही मोकळा झाला, की आता खरं सांगायची सोय उरली नाही हे ग्रंथपालांना कळून चुकलं.

यातलं खरं असं, की बायकोच्या आईचे कान असेच गेले होते. घरातली माणसं आधी तिच्याशी मोठ्यानं बोलली, मग थोडक्यात बोलली, आणि मग 'तिला कुठं ऐकू येतंय' म्हणून बोलेनाशीच झाली. कानात घालायचं यंत्र आणलं, तर लोक वाकून त्या यंत्राशी 'हॅलो, हॅलो' करायचे. आईशी बोलायचं राहूनच गेलं. शेवटची सहा वर्षं ती कोपऱ्यातल्या एका खुर्चीत बसून होती. तेव्हापासून बायकोच्या मनात एक गणित पक्कं होतं: कान गेले की खुर्ची आली. म्हणून तिचे कान गेलेच नव्हते. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलत होते, आणि कुकरच्या शिट्ट्याही पूर्वीसारख्या राहिल्या नव्हत्या. लांबच्या शहरात राहणाऱ्या मुलीनं फोनवर कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला, की आई "लाइन खराब आहे गं," म्हणून फोन ठेवून देई.

अडचण आली की ग्रंथपाल एकच गोष्ट करत. पुस्तक काढत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाचनालयातल्या मागच्या कपाटातून कानावरचा एक जाडजूड ग्रंथ काढला आणि जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता वाचला. वय झालं की आधी बारीक आवाज जातात, असं त्यात लिहिलं होतं. बेल, शिट्टी, पाखरं, लहान मुलांची बडबड. जाड, घुमणारे आवाज सगळ्यात शेवटी जातात. ढगांचा गडगडाट बराच काळ ऐकू येत राहतो. आपली हाक तिच्यापर्यंत का पोचली नाही आणि आपलं पडणं का पोचलं, याचा ग्रंथपालांना आता उलगडा झाला.

म्हणजे यापुढे गाडीनं कण्हून भागणार नव्हतं. गाडीला गर्जावं लागणार होतं.

"काका, तुम्ही चुकून तर नाही ना आलात?" फिटर म्हणाला. बारा वर्षं तो त्यांची गाडी बघत होता. "हे असलं कॉलेजातली पोरं करून घेतात."

"मला आवाज पाहिजे. जाड. कोपऱ्यावरनं घरात पोचेल असा."

"मग हॉर्न बदलू की."

"हॉर्न बारीक असतो."

फिटरनं हात पुसले. तो सरळ माणूस होता. गिऱ्हाइकाला समजावून सांगितल्याशिवाय पाना उचलायचा नाही. त्यानं बॉनेट उघडलं.

"हे बघा. गाडी पुढनं श्वास घेते, मागनं सोडते. इथं हा डबा दिसतोय, त्यात हवा गाळायचा फिल्टर आहे. डब्याची नळी पुढं जाते आणि बाहेरची थंड हवा आणते. मी डबा काढून उघडा फिल्टर लावला, की इंजिन घोरल्यासारखं घुमणार. पण तो फिल्टर इथली, बॉनेटखालची गरम हवा ओढणार. गरम हवा विरळ. गाडीचा जोर कमी."

"आणि मागे?"

"मागं सायलेन्सर काढून जाड नळी टाकली, तर धूर मोकळा निघेल. जोरात पळवताना त्याचा थोडा फायदा असतो. पण तुम्ही गावात तिसऱ्या गिअरवर चालवणार. तिथं मोठ्या नळीत धुराचा वेगच राहत नाही, गाडी सुस्त होते. मग तुम्ही पाय दाबणार. आणि एकदा तो आवाज कानात बसला ना काका, की पाय आपोआप दाबला जातो. ॲव्हरेज पडणार. आता किती देते?"

"सतरा."

"तेरावर येईल."

"येऊ दे," ग्रंथपाल म्हणाले.

फिटर त्यांच्याकडे बघतच राहिला. "लोक येतात ते म्हणतात, ॲव्हरेज वाढतं म्हणून ऐकलंय, लावून दे. वाढत नाही सांगितलं तरी ऐकत नाहीत. सगळं ऐकून घेऊन हो म्हणणारे तुम्ही पहिलेच."

त्या संध्याकाळी गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा भिंतीवर झोपलेलं एक मांजर आधी उडी मारून मग जागं झालं. गल्लीतल्या खिडक्या पटापट उघडल्या. ग्रंथपालांना त्यातलं काही दिसलं नाही. त्यांना फक्त स्वतःच्या घराचं दार दिसलं, आणि ते उघडं होतं.

"आज वेळेवर आलात," बायको म्हणाली. मग जरा कान टवकारून तिनं विचारलं, "गाडीला काही झालंय का हो? आवाज येतोय."

"तुला येतोय?"

"म्हणजे काय! मी काय बहिरी आहे?"

"छे, छे," ग्रंथपाल म्हणाले आणि बुटाची नाडी सोडायला खाली वाकले. नाडी सुटायला त्या दिवशी फार वेळ लागला.

चौथ्या दिवशी मापेसाहेब आले. हे समोरच्या घरात राहत. वजनमापे तपासायच्या खात्यात त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं आणि शेकडो खोटे तराजू जप्त केले होते. त्यांनी स्वतः आयुष्यात एकदाही चुकीचं माप सांगितलं नव्हतं. चहात साखर किती, असं कोणी विचारलं तर ते ग्रॅममध्ये सांगत.

"ग्रंथपाल, हा काय प्रकार आहे? माझ्या कपाटातली काचेची मापं थरथरतात. तुम्ही वाचनालयात 'शांतता राखा'च्या पाट्या लावणारे, आणि..."

ग्रंथपालांनी मागे पाहिलं. बायको दारातच उभी होती आणि दोघांच्या ओठांकडे टक लावून बघत होती.

"ॲव्हरेजसाठी केलंय," ग्रंथपाल म्हणाले.

"काय?"

"गाडीला मोकळा श्वास मिळतो. हवा सहज आत, धूर सहज बाहेर. इंजिनाचे कष्ट वाचतात, म्हणून पेट्रोलही वाचतं."

हे इतकं पटण्यासारखं होतं, की स्वतः ग्रंथपालांनाही क्षणभर पटलं. चुकीच्या गोष्टींचं हेच वाईट असतं; त्या ऐकायला बरोबर गोष्टींपेक्षा सोप्या असतात.

"किती देते?" मापेसाहेबांनी विचारलं.

"बरंच."

"बरंच हे माप नाही. रविवारी सकाळी सात वाजता मोजू. नाही वाढलं, तर सोमवारी सायलेन्सर परत बसवायचा."

शनिवारी ग्रंथपाल धावतपळत फिटरकडे गेले. फिटरनं कपाळाला हात लावला.

"काका, एक दिवस सांभाळायचं तर एकच उपाय आहे. तुमचा पाय. ॲक्सिलरेटरखाली मांजराचं पिल्लू झोपलंय, असं समजून चालवा. लवकर वरच्या गिअरला जा. लांबचा सिग्नल लाल दिसला की तेव्हाच पाय काढून घ्या. जितका ब्रेक लागतो तितकं पेट्रोल फुकट गेलेलं असतं. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा. आणि डिकीत काय आहे?"

डिकीत बांधणीला द्यायचे ज्ञानकोशाचे अठरा खंड होते. ते उतरले.

रविवारी मापेसाहेबांनी पंपावर टाकी काठोकाठ भरून घेतली, झाकणाला तार ओवून शिशाचं सील ठोकलं आणि शेजारच्या सीटवर मांडीवर वही घेऊन बसले. पन्नास किलोमीटरचा फेरा होता. ग्रंथपालांनी तो असा मारला, की वाटेत एक सायकलवाला बराच वेळ बरोबरीनं चालला आणि शेवटी म्हणाला, "काका, ढकलू का?" एका चढावर त्यांनी चक्क डोळे मिटले, तेव्हा मापेसाहेब ओरडले. पण पिल्लू काही जागं झालं नाही.

त्याच पंपावर, त्याच नळीनं, पुन्हा काठोकाठ टाकी भरली. मापेसाहेबांनी भागाकार केला. पुन्हा केला. मग चष्मा काढला.

"एकवीस पूर्णांक चार," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज देवळात असावा तसा झाला.

ग्रंथपालांना वाटलं, सुटलो. खरं तर अडकायला तिथूनच सुरुवात झाली होती. दुसरा कोणी बोलला असता तर गल्लीनं ऐकून सोडून दिलं असतं. पण मापेसाहेबांचं माप म्हणजे दगडावरची रेघ. आठवड्याच्या आत त्यांनी स्वतः आपला सायलेन्सर काढला. मग दातांच्या डॉक्टरांनी काढला. त्यांची गाडी आली की दवाखान्याबाहेर बसलेले रोगी दोन्ही हातांनी गाल धरायचे. मग व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंनी आपल्या इवल्याशा गाडीला एवढी मोठी नळी बसवली, की मागून बघणाऱ्याला नळीला गाडी बसवल्यासारखी वाटावी. महिन्याभरात नऊ गाड्या झाल्या. फिटर प्रत्येकाला सांगत होता, की असं करू नका, ॲव्हरेज पडेल. लोक एकमेकांना डोळे घालून म्हणत, "बघा, सांगायला तयार नाही."

ॲव्हरेज सगळ्यांचं पडलं. कबूल मात्र कोणी करेना, आणि मापेसाहेबांना एकदा सील ठोकून मोजलेलं पुन्हा मोजायची गरज वाटली नाही. डॉक्टर अठरा सांगत, ते ऐकून बाई एकोणीस सांगत, म्हणून डॉक्टर दुसऱ्या दिवशी वीस सांगत. असंच चाललं असतं तर थोड्या दिवसांत ती गल्ली बोलण्यापुरती तरी पेट्रोलशिवाय धावायला लागली असती.

या सगळ्यात ग्रंथपाल खूश होते. आपल्याला कोणी सायलेन्सर बसवायला सांगत नाही, आणि दार उघडं असतं, एवढंच ते बघत होते.

मग एका बुधवारी त्यांनी गाडी क्लचच्या कामाला टाकली आणि लवकर सुटून चालत घरी निघाले. साडेपाच वाजता ते कोपऱ्यावर पोचले तेव्हा डॉक्टरांची गाडी गर्जत त्यांच्या शेजारून गेली. समोर त्यांच्या घराचं दार उघडलं. बायको बाहेर आली. तिनं कपाळावरची बट मागे सारली होती आणि चेहऱ्यावर ते रोजचं, दारातलं हसू होतं. डॉक्टरांची गाडी पुढे निघून गेली. ती थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिली आणि दार लावून आत गेली.

ग्रंथपाल विजेच्या खांबाआड थांबले. व्हायोलिनच्या बाई आल्या. दार उघडलं. बट, हसू, रस्ता. दार बंद झालं. मग मापेसाहेब आले. मग आणखी कोणी. एका गाडीच्या वेळी तिला दारापर्यंत पोचायला उशीर झाला, कारण तिचा गुडघा दुखत होता. ती भिंतीला धरून आली, आणि तरी हसू तेवढंच होतं. सहा वाजेपर्यंत ती सात वेळा बाहेर आली.

बायकोला ऐकू येणारी एकच गाडी त्यांनी मोठ्या हिकमतीनं तयार केली होती. आता तशा नऊ होत्या.

"दमलीस का?" घरी गेल्यावर त्यांनी विचारलं.

"छे हो," ती म्हणाली. "तेवढंच चालणं होतं."

शुक्रवारी संध्याकाळी मापेसाहेबांच्या ओसरीत सगळे जमले. ग्रंथपालांनीच बोलावलं होतं.

"सगळ्यांनी सायलेन्सर परत बसवा," ते म्हणाले. "ते एकवीस पूर्णांक चार गाडीचं नव्हतं. माझ्या पायाचं होतं. गाडी तेरा देते."

मापेसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे माझं माप चुकलं?"

"माप बरोबर होतं, साहेब. आपण गाडी मोजायला निघालो आणि चालवणारा मोजून आलो."

"पण माझी तर वीस देते," डॉक्टर म्हणाले.

"माझी एकवीस," बाई म्हणाल्या.

"मग तरीही काढून टाका."

"का म्हणून?" डॉक्टर हसले. "ग्रंथपाल, तुम्हाला एकट्याला पाहिजे होय? आधी लोकांना लावायचं आणि मग..."

"माझ्या बायकोला ऐकू येत नाही," ग्रंथपाल म्हणाले.

वाचनालयात बोलावं तितक्याच हळू आवाजात ते बोलले. पण ओसरीत सगळ्यांना ऐकू गेलं. मग त्यांनी सगळं सांगितलं: बेल, फळी, कानावरचं पुस्तक, फिटर, खांबाआडचा अर्धा तास. सांगताना त्यांनी हातांची सात बोटं वर केली होती, आणि सांगून झाल्यावरही ती खाली घ्यायचं त्यांना सुचलं नाही.



"परवा त्या माझ्याकडे बघून हसल्या," व्हायोलिनच्या बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, काय गोड बाई आहे, गाडी थांबवून दोन शब्द बोलावं. थांबले नाही मी."

"तेरा," डॉक्टर एकदम म्हणाले.

"काय तेरा?"

"माझी. तेरा देते."

"अकरा," बाईंनी नाक पुसत सांगितलं.

मापेसाहेब उठले. "या गल्लीत यापुढे एकच गाडी वाजेल," ते म्हणाले. "बाकीच्या उद्यापासून बंद."

"पण तिला कळता कामा नये," ग्रंथपाल म्हणाले. "तुम्हाला माहीत आहे एवढं जरी तिला दिसलं, तरी ती खुर्चीत जाऊन बसेल."

फिटरकडे रांग लागली. ज्या हातानं काढले त्याच हातानं तो सायलेन्सर परत बसवत होता आणि कोणालाही 'मी सांगत होतो' म्हणत नव्हता. त्याच्या हाताखाली कोणी नव्हतं, म्हणून दिवसाला एकच गाडी व्हायची. व्हायोलिनच्या बाई संध्याकाळी घरीच शिकवण्या घेत. त्या खिडकीतून बघून ग्रंथपालांना बातमी देत. "आज वहिनी पाचदाच आल्या बाहेर." दोन दिवसांनी, "आज तीनदा." मग, "काल तुमच्या एकट्यासाठी आल्या, बास!" ग्रंथपालांचा ऊर भरून येई. एकेक गाडी गप्प होत चालली, तसं तिचं उठणंही कमी होत चाललं. हिशोब अगदी बरोबर जुळत होता. गाड्या कमी झाल्यामुळेच ती कमी उठते, याबद्दल दोघांनाही तिळमात्र शंका आली नाही.

दुसऱ्या सोमवारी मापेसाहेबांची शेवटची गाडी झाली. मंगळवारी सहाला ग्रंथपाल कोपऱ्यावर वळले तेव्हा साऱ्या गल्लीत काही म्हणून वाजत नव्हतं. आठ घरांनी तिच्यासाठी आवाज बंद केला होता. त्यांनी दुसरा गिअर टाकला आणि मांजराच्या पिल्लाचा विचार न करता पाय दाबला. गाडी अशी काही गर्जली, की समोरच्या घरांच्या काचा वाजल्या.

दार बंद होतं.

ते फाटकाशी थांबले. तिचा गुडघा दुखतोय, येईल, असं म्हणत त्यांनी पुन्हा पाय दाबला. मग पुन्हा. मापेसाहेब ओसरीत आले. बाईंच्या घरातलं व्हायोलिन मध्येच थांबलं. ग्रंथपालांनी इंजिन तसंच चालू ठेवलं, म्हणजे आवाज येत राहील, आणि ते मागच्या दारानं आत गेले.

बायको टेबलाशी पुढच्या दाराकडे तोंड करून बसली होती. तिच्यासमोर शेंगांचा ढीग होता आणि ताटात थोडेसेच मटार होते. बाहेर गाडी घुमत होती. फळीवरचे कप एकमेकांना लागून थरथरत होते.

"आलात?" ती दचकून म्हणाली. "बाई, किती शांत झाली हो आपली गल्ली! सगळ्यांनी ते खूळ काढलं वाटतं. बरं झालं." मग तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "तुम्हीपण काढलंत ना आज?"

ग्रंथपाल तिच्या समोर गेले, ओठ दिसतील असे उभे राहिले.

"हो," ते म्हणाले. "आज काढलं."

"मला वाटलंच. मघापासून कान देऊन बसलेय. काही म्हणजे काही नाही. इतकी हळू आली, की दार उघडायचं राहूनच गेलं." ती थांबली. तिची बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट झाली होती. "गाडीच हळू झाली ना? का..."

"गाडीच."

"तुम्ही माझं मन राखायला काहीही सांगाल."

तेवढ्यात मागच्या दारात सावली पडली. मापेसाहेब होते. दोन्ही कानांत बोटं घालून, तोंड वेडंवाकडं करून ते ओरडत होते, "अहो ग्रंथपाल, इंजिन चालू..." आणि मग त्यांच्याकडे वळलेला तिचा चेहरा त्यांना दिसला.

"मापेसाहेब, तुम्ही सांगा," ती म्हणाली. "तुम्ही कधी खोटं सांगत नाही. यांची गाडी आलेली तुम्हाला ऐकू आली?"

मापेसाहेबांनी कानांतली बोटं काढली. एक बोट आधी, मग दुसरं. फळीवरचा एक कप थरथरत काठाशी आला होता. त्यांनी पुढे होऊन तो मागे सरकवला.

"नाही, वहिनी," ते म्हणाले.

"थोडासुद्धा आवाज नाही?"

त्यांनी तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि सावकाश, तिला एकेक अक्षर वाचता येईल असं म्हणाले, "शून्य." मग बोटानं हवेत एक मोठा गोल काढून दाखवला.

"मग ठीक आहे," बायको म्हणाली आणि तिनं दुसरी शेंग उचलली.

मापेसाहेब बाहेर गेले. थोड्या वेळानं फळीवरचे कप थरथरायचे थांबले.